तालुक्याच्या गावचे आचार्य : बेसण्याच्या जाहिरातीत न मावलेली माणसं

दांडियाबाजारकर :

गुजराती पेपरात बेसण्याच्या, म्हणजे कुणी गेल्यावरच्या शोकसभेच्या, जाहिराती येतात, त्या मी हल्ली चहाबरोबर वाचतो. माझ्या वयाचे सगळेच वाचतात, कबूल कुणी करत नाही. त्यात एखादं मराठी आडनाव दिसलं आणि पुढे ‘निवृत्त आचार्य’, म्हणजे मुख्याध्यापक, असं असलं की मी गावाचं नाव शोधतो. बहुतेक वेळा ते नसतंच. पत्ता असतो मांजलपूरचा नाहीतर कारेलीबागेतल्या सोसायटीचा. ज्या गावात माणसानं उभी हयात शाळा चालवली ते गाव जाहिरातीतून गळलेलं असतं. कारण साधं आहे. जाहिरात मुलगा देतो आणि मुलगा ते गाव केव्हाच सोडून आलेला असतो.

हा धागा अशा लोकांसाठी. डभोई, पादरा, सावली, करजण, शिनोर, पेटलाद. वर कडी, पाटण. खाली नवसारी, बिलीमोरा, व्यारा. बडोद्याच्या मराठी घरांतून कितीतरी माणसं या गावांत हेडमास्तर, आचार्य, मोटां बेन (मोठ्या बाई) म्हणून गेली. त्यांच्याबद्दल लिहा. गुजराती आचार्यांबद्दलही लिहा, आपल्यातले निम्मे त्यांच्याच हाताखाली शिकले.

अट एकच. ‘शिस्तप्रिय’, ‘विद्यार्थिप्रिय’ आणि ‘ऋषितुल्य’ हे शब्द आणायचे नाहीत. आणि मोठ्या हुद्द्यावरचा माजी विद्यार्थी भर बाजारात पाया पडला, ही गोष्ट सांगायची नाही. ती प्रत्येक घरात आहे, माझ्याही आहे, आणि तिच्यातून साहेबांबद्दल काहीच कळत नाही. साहेब रोज काय करायचे ते लिहा. कपाटाची किल्ली कुणाकडे असायची, शाळा चालवणाऱ्या मंडळाशी कशावरून वाजलं, पगार कधी व्हायचा.

सुरुवात मी करतो. माझे थोरले काका डभोई तालुक्यातल्या एका हायस्कूलचे आचार्य. बी. ए. आणि बी. एड. दोन्ही एम. एस. युनिव्हर्सिटीतून. सुरुवातीला प्रतापनगरहून छोट्या गाडीनं अपडाउन करायचे. पुढे आचार्य झाल्यावर मंडळानं सुचवलं की शिक्षकानं अपडाउन केलं तर चालतं, आचार्यानं गावात राहावं. गावात राहायचं म्हणजे लग्नाला, मयताला, भावकीच्या भांडणाला हजर राहायचं, आणि निवडणुकीत आपण कुणाचे ते कुणाला कळू द्यायचं नाही. काकांना हे शेवटचं साधलं. काकूलासुद्धा कळलं नाही.

शाळा केळवणी (शिक्षण) मंडळाची, मंडळाचे प्रमुख एक जिनवाले शेठ. पगार सरकारी ग्रान्टचा, इमारत शेठच्या पैशाची, म्हणजे साहेबांना दोन धनी. शेठना शाळेत गणपती बसलेला चालायचा, पण शाळेच्या वेळात आरती चालायची नाही; काकांना त्याच्या उलट. यावर दर वर्षी भाद्रपदात चर्चा, आणि दर वर्षी आरती मधल्या सुट्टीत.

शिकवायला ते इंग्रजी घ्यायचे, तेही आठवीचं. तेव्हा गुजरातेत इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. तेराव्या वर्षी ए-बी-सी-डी गिरवणारा पोरगा काही वर्षांतच बोर्डाला बसायचा. काकांचं म्हणणं, बोर्डाचा वर्ग कुणीही शिकवील, पाया मी घालतो. पहिला धडा स्टेशनवर. फलाटावरच्या पाटीवर गावाचं नाव तीन लिप्यांत असतं. नाव पोरांना पाठच, फक्त तिसऱ्या लिपीतली अक्षरं ओळखायची. मग तिकिटाची खिडकी, मग वॅगनवरचे शब्द. तपासणीला आलेल्या साहेबांना हे कुठल्या रकान्यात लिहावं ते समजलं नाही.

अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि बडोद्याला आले. इथून पुढचं कुणी लिहीत नाही, म्हणून मला लिहायचंय. गावात पानवाल्यापासून फौजदारापर्यंत सगळ्यांचे ते ‘साहेब’. सोसायटीत ‘तिसऱ्या मजल्यावरचे काका’ झाले. पहिली दोनेक वर्षं त्यांनी काही म्हणजे काही केलं नाही. खिडकीत बसायचे. काकू म्हणायची, घड्याळात बघून तास बदलतात. मग एका जुन्या शिक्षकाची पेन्शन केस अडली, ती त्यांनी मार्गी लावून दिली. सेवापोथीत एक वेतनवाढ चढवायची राहिली होती, तेवढंच. मग दुसऱ्याची केस आली, मग तिसऱ्याची. शेवटची पंधरा वर्षं काकांच्या दिवाणखान्यात सेवापोथ्यांच्या झेरॉक्सचे गठ्ठे, आणि दारात शिनोरपासून कवांटपर्यंतच्या शिक्षकांच्या चपला. पैसे घेतले नाहीत. तुरीच्या शेंगा आणि कैऱ्या घेतल्या. आचार्य म्हणून त्यांनी काय केलं याहून हे काम मला मोठं वाटतं, घरातल्या बाकीच्यांना तसं वाटत नाही.

आता तुम्ही.


नॅरोगेज :

छोटी गाडी निघालीच आहे तर थोडं सांगतो. डभोई–मियागाम मार्ग १८६२ चा, देशातला पहिला नॅरोगेज, अडीच फुटी रुळांचा. सुरुवातीला डबे बैल ओढायचे, इंजिनं नंतर आली.

बैल गेले तरी वेळापत्रक त्यांचंच राहिलं. आमच्या शाळेचा निम्मा स्टाफ गाडीवर. गाडी लेट झाली की प्रार्थना लांबायची, पट्टेवाला एकामागून एक भजनं लावून धरायचा. आमच्या आचार्यांनी शेवटी टाइमटेबल असं बांधलं की पहिला तास फक्त गावात राहणाऱ्या शिक्षकांचा. गावात राहणारे दोघंच होते. त्यामुळे आम्ही हायस्कूलभर सकाळी ताज्या डोक्यानं चित्रकला आणि संस्कृत शिकलो, आणि गणित दुपारी पेंगत.


माहेर_पेटलाद :

दांडियाबाजारकर काका, तुम्ही मोटां बेन लिहिलंत म्हणून लिहिते. माझी आई पेटलादकडच्या एका गावात मुलींच्या शाळेची आचार्या होती. आता नव्वदीला टेकलीय, आवाज अजून वर्गातलाच आहे.

आल्या आल्या तिनं मंडळाकडे संडास मागितला. मंडळाला प्रयोगशाळा हवी होती, कारण प्रयोगशाळेच्या दारावर देणगीदाराचं नाव लावता येतं. संडासावर नाव लावायला कोण तयार होणार? आई म्हणाली, मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, चौथ्या तासाला डोकं धरून बसतात, त्यांना प्रयोगशाळेत नेऊन मी काय दाखवू. झालं शेवटी. त्यावर नाव कुणाचंच नाही.

चरोतरात, म्हणजे पेटलादच्या त्या पट्ट्यात, तंबाखूची खळी सुरू झाली की सातवी-आठवीच्या मुली गळायच्या. आई संध्याकाळी घरोघरी जायची. ‘मुलगी हुशार आहे’ असं ती कधी म्हणायची नाही. त्यावर आईबापाचं उत्तर ठरलेलं, हुशार आहे ना, मग घर छान सांभाळील. आई हिशेब मांडायची : एसएससी झाली तर पीटीसी करता येईल, पीटीसी झाली तर प्राथमिक शाळेत नोकरी. आणि ज्या घरातलं कुणी आफ्रिकेत किंवा लंडनला असेल तिथे हिशेब बदलायचा. परदेशातलं स्थळ शिकलेली मुलगी मागतं म्हणून सांगायची. तिला स्वतःला हा मुद्दा मुळीच आवडायचा नाही, पण चालायचा तोच.

बाबा बँकेत. सकाळच्या पोळ्या ते करायचे. ही बातमी गावात शाळेच्या निकालापेक्षा जास्त चालली.

आणि एक विचारायचं होतं. आचार्य पुरुष असला की त्याच्या बायकोनं काय केलं, ते या धाग्यावर कुठे आहे? काकू घड्याळाबद्दल बोलली आणि तिला कळलं नाही, एवढंच दिसलं.


दांडियाबाजारकर :

ताई, बरोबर धरलंत. आमच्या गावात बोर्डाचं केंद्र होतं. आसपासच्या खेड्यांतली मुलं परीक्षेला यायची, त्यांतली सात-आठ दर वर्षी आमच्याकडे उतरायची. पेपर संपेपर्यंत त्यांचा स्वयंपाक, अंथरुणं, एखाद्याला ताप आला तर तोही, सगळं काकू. तिची स्वतःची मुलं त्या दिवसांत ओट्यावर झोपायची. काकांच्या विदाय समारंभात तिला शाल मिळाली. भाषणांत तिचा उल्लेख ‘अर्धांगिनी’ असा एकदा.


शेवउसळ :

छान चाललेल्या गप्पांत मिठाचा खडा टाकतो.

माझे वडील रेल्वेत गँगमन. आम्ही लाइनीवरच्या एका गावात क्वार्टरमध्ये राहायचो. गावाचं नाव लिहीत नाही. आमचे आचार्य मारायचे. ‘सोटी वागे चमचम, विद्या आवे घमघम’ हे तोंडी, आणि सोटी कपाटात. ‘तो काळच तसा होता’ असं कुणी लिहिणार असेल तर थांबा. गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० साली बालमंदिर काढलं. मुलाला न मारता, न घाबरवता शिकवता येतं हे गुजरातेत तेव्हापासून माहीत होतं. आमचे आचार्य बी. एड. होते. गिजुभाईंवर परीक्षेत टीप लिहूनच पास झाले असणार. कायद्यानं पक्की बंदी यायला मात्र २००९ चा शिक्षणहक्क कायदा लागला.

मार एक वेळ सोडा. वर्षातून एकदा साहेब वर्गात येऊन पुकारायचे, ‘बी. सी. स्कॉलरशिपवाळा ऊभा थाव.’ बी. सी. म्हणजे बॅकवर्ड क्लास. आम्ही चार-पाच जण उभे राहायचो. तोवर ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना त्या दिवशी ठाऊक व्हायचं. दुपारी डबा खायला कोण कुणाजवळ बसतं ते बदलायचं. बाबासाहेबांना १९१३ मध्ये परदेशी शिकायला शिष्यवृत्ती दिली ती बडोद्यानं, आणि १९१७ मध्ये ते इथे नोकरीला आले तेव्हा राहायला जागा दिली नाही तीही बडोद्यानंच. कमाटी बागेत झाडाखाली बसावं लागलं त्यांना. पैसे आणि अपमान एकाच खिडकीतून मिळायची आमच्याकडे जुनी रीत आहे.

याच आचार्यांनी माझा कॉलेजचा फॉर्म स्वतःच्या हातानं भरला आणि प्रवेशाची फी खिशातून भरली. दोन्ही खरं आहे. लिहायचं तर दोन्ही लिहा.


सुरसागर :

मारलं म्हणून तर घडलो आपण. आजकालच्या पोरांना बघा.


शेवउसळ :

तुम्ही घडलात म्हणून इथे लिहिताय. जे आठवीतच शाळा सोडून गेले ते या धाग्यावर येणार नाहीत.


सुरसागर :

बरं, वाद नको. मारामारीचीच, पण वेगळी गोष्ट सांगतो. नवनिर्माण आंदोलनाचे दिवस. अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंगमध्ये मेसच्या बिलावरून सुरू झालेलं लोण पाहता पाहता गुजरातभर पसरलं आणि ९ फेब्रुवारी १९७४ ला मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांनी राजीनामा दिला. त्याच्या आधी काही दिवस पादऱ्याच्या बाजूला आमच्या शाळेवर मोर्चा आला. शाळा बंद करा. पुढे कोण, तर आमचेच दोन वर्षांपूर्वी पास झालेले. आचार्य फाटकात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘घंटा मी देतो, तुम्ही हात लावू नका.’ पट्टेवाल्याला खूण केली, घंटा झाली, आम्ही ओळीनं बाहेर पडलो. एक काच फुटली नाही.

मंडळानं बैठकीत ठपका ठेवला की साहेब पोरांना शरण गेले. त्यावर साहेबांनी काही लिहून दिलं नाही. अकरावीच्या एसएससीची मुलं होती, त्यांचे तास मात्र संध्याकाळी स्वतःच्या ओसरीवर सुरू केले. मोर्चातला एक जण तिथे बीजगणित शिकवायला यायचा.


आवकजावक :

मी आचार्य नव्हतो. शाळेत क्लार्क होतो, चार आचार्यांच्या हाताखाली नोकरी केली. तुम्ही मंडळी आठवणी लिहिताय, लिहा. पण साहेब लोकांचं आयुष्य शाळेच्या कपाटात आहे. दोन-तीन जागा सांगतो.

पहिली, वयपत्रक. जनरल रजिस्टर म्हणतात तेच. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. त्याआधी, आणि खेड्यांत त्यानंतरही बराच काळ, मुलाला शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख सांगता यायची नाही. ‘पूर आला त्या साली, दिवाळीच्या अलीकडे’ असं सांगायचा. साहेब मनाशी वर्ष काढायचे आणि तारीख घालायचे १ जून. शाळा जूनमध्ये उघडते, हिशेबाला सोपं. म्हणून आपल्याकडे आजही एवढी माणसं १ जूनला जन्मलेली आणि ३१ मेला निवृत्त झालेली सापडतात. आमचे एक साहेब बापाला आधी विचारायचे, ‘पुढे शेती की नोकरी?’ नोकरी म्हटलं की वर्ष एक अलीकडचं. नियमात बसत नाही, मला माहीत आहे. पण नोकरीचं शेवटचं एक वर्ष म्हणजे सगळ्यात मोठ्या पगाराचं वर्ष, ते त्या माणसाला साहेबांनी पहिलीतच देऊन ठेवलं.

दुसरी जागा, आवक-जावक. लॉगबुकात साहेब लोक जपून लिहितात, वाचून काही हाती लागत नाही. जावकमध्ये पत्राचा विषय असतो आणि तारीख असते. एका साहेबांची एका उन्हाळ्यात ‘पिण्याच्या पाण्याच्या टाकीबाबत’ अशी मंडळाला पत्रामागून पत्रं गेलेली आहेत. जूनच्या मध्यावर ती थांबतात. टाकी झाली नव्हती, पाऊस आला होता. पुढच्या मार्चला पुन्हा सुरू.

तिसरी, सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका. त्यातले लेख सोडा, सगळे दांडियाबाजारकरांनी बंदी घातलेल्या शब्दांनी भरलेले. जाहिराती वाचा. कुणी पूर्ण पान दिलं, कुणी पाव पान, कुणी दिलंच नाही, त्यावरून साहेबांचं गावात कुणाशी बरं होतं ते लख्ख कळतं.

किल्लीचं विचारलंत. मोठ्या कपाटाची किल्ली साहेबांकडे, डुप्लिकेट माझ्याकडे. साहेबांची बहुधा घरी विसरलेली असायची.


अमरेलीचा_पणतू :

तुम्ही सगळे १९५० नंतरचं लिहिताय, मी थोडा मागे जातो. आमचे पणजोबा गायकवाडी नोकरीतले मास्तर, पुढे हेडमास्तर. माणूस बडोद्याचा, बदली अमरेलीला. नकाशात बघा, अमरेली प्रांत पार काठियावाडात, मध्ये दुसऱ्यांची राज्यं. संस्थानी नोकरीत बदलीचा धाक दाखवायला ते एक नाव पुरायचं.

पण सयाजीरावांनी सक्तीच्या शिक्षणाचा पहिला प्रयोग केला तो याच अमरेलीत, १८९३ मध्ये. तो जमला म्हणून १९०६ मध्ये कायदा सगळ्या राज्याला. मुलगे सात ते बारा, मुली सात ते दहा. पोर शाळेत आलं नाही तर बापाला दंड. शाळेत शिकवलं जातं ते इथवरच. आमच्या घरात पुढचं सांगतात : दंड सरकारचा, पण गैरहजर मुलांची यादी मास्तरची. दूध, भाजी, लाकडं ज्यांच्याकडून घ्यायची त्यांचीच नावं यादीत. पणजोबा यादी पाठवायच्या आदल्या संध्याकाळी गावातून एक फेरी मारायचे, दुसऱ्या दिवशी वर्ग भरलेला. मोठं मन होतं की दूध बंद व्हायची भीती होती, यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत. मी भीतीच्या पक्षात.

दुसरं वाचनालयाचं. १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल बोर्डन आले, बडोद्यात सेंट्रल लायब्ररी उभी राहिली आणि तिचं जाळं खेड्यापर्यंत गेलं. खर्चाचा एक हिस्सा गावानं, एक स्थानिक बोर्डानं, एक सरकारनं उचलायचा. पुस्तकं भरलेल्या फिरत्या पेट्याही यायच्या. ऐकायला फार सुंदर. प्रत्यक्षात वाचनालय शाळेच्या खोलीत, किल्ली मास्तरकडे, म्हणजे मास्तरला बिनपगारी दुसरी नोकरी. पणजोबांची देवघेवीची वही आमच्याकडे आहे. तीत एकच नाव सारखं येतं, ते गावच्या न्हाव्याचं. दुकानात बसलेल्यांना वाचून दाखवायचा म्हणे. पुस्तक परत येताना त्यात केस निघायचे, तशी नोंद पणजोबांनी शेऱ्याच्या रकान्यात केलेली आहे.

१ मे १९४९ ला बडोदे मुंबई राज्यात गेलं तेव्हा आजोबा मास्तर होते. श्रेणी, सेवेची वर्षं, सगळं नव्यानं मांडायचं. ते म्हणायचे, राजा गेल्याचं वाईट नंतर वाटलं, आधी सीनियॉरिटी गेली.


पोळवाला :

पारितोषिकांचं कुणी काढलं नाही अजून. शिक्षकांना राष्ट्रीय पुरस्कार १९५८ पासून देतात. आमच्या आचार्यांना सगळे म्हणायचे, तुमची फाइल पाठवू. ते म्हणाले, फाइल मी केली तर खोटी होईल आणि तुम्ही केलीत तर जास्तच खोटी होईल.


बोडेली_ते_बडोदे :

मी आमच्या गुजराती साहेबांबद्दल लिहितो. छोटाउदेपूर वेगळा जिल्हा २०१३ मध्ये झाला, आमच्या वेळी ते सगळं बडोद्यातच. माझे वडील वनखात्यात, म्हणून आम्ही तिकडे. शाळेत निम्म्याहून जास्त मुलं राठवा आदिवासी. होळी आली की वर्ग ओस पडायचे. आठवडाभर मेळे, होळीनंतर कवांटचा घेरचा मेळा तर सगळ्यात मोठा. आधीचे आचार्य दर वर्षी हजेरीपत्रकात लाल रेघा मारून शिक्षणाविषयी अनास्था वगैरे लिहायचे.

हे साहेब आले आणि पहिल्याच वर्षी मेळ्याच्या दिवशी स्वतः कवांटला गेले. बरोबर क्लार्क आणि शाईचा पॅड. पोरांना वाटलं, पकडायला आले, ती गर्दीत पांगली. साहेब पोरांच्या मागे लागलेच नाहीत. त्यांना बाप हवे होते. डोंगरातल्या फळियांत (पाड्यांत) विखुरलेले सगळे पालक एका जागी सापडतील असा वर्षात तोच एक दिवस. शिष्यवृत्तीचे, वसतिगृहाचे फॉर्म तिथेच उभ्या उभ्या भरले, अंगठे घेतले. संध्याकाळी ढोलावर नाचले असंही सांगतात. क्लार्क म्हणायचा नाचले, साहेब म्हणायचे नाही.

निवृत्तीनंतर ते बडोद्याला आले नाहीत. बोडेलीतच घर बांधलं. मुलगा दर दिवाळीला न्यायला येतो आणि साहेब त्याला उन्हाळ्यात बघू म्हणतात. दांडियाबाजारकरांचे काका वाचून वाटलं, गावात राहणाऱ्याचं बरं. पण तसंही नाही. आता शाळेत नवे आचार्य आहेत, आणि गावातले लोक अजून तक्रार घेऊन जुन्या साहेबांकडे येतात. नव्यांना ते आवडत नाही. मला नव्यांचंही पटतं.


माहेर_पेटलाद :

आईला धागा वाचून दाखवला, दोन संध्याकाळी लागल्या. संडासाबद्दल ती म्हणते, ‘मी मागितला-बिगितला नाही, ठराव मांडला, तो दोनदा पडला, तसं लिही.’ लिहिलं.

मग शेवउसळ यांची पोस्ट पुन्हा वाचायला लावली. म्हणाली, ‘स्कॉलरशिपवाल्या मुलींना मीही वर्गात उभं करायची. दर वर्षी. विचार त्यांना, तेव्हा त्यांनी हे कुणाला सांगितलं होतं का.’ म्हणून विचारते आहे. सांगावंसं वाटलं नाही तर राहू द्या.


शेवउसळ :

ताई, नाही सांगितलं. वडिलांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, पैसे मिळतात ना, मग उभा राहा की. आजींना नमस्कार सांगा, त्यांनी विचारलं हे बरं वाटलं.

एक मात्र मला अजून कळत नाही, आवकजावक साहेबांनाच विचारतो. आमची नावं ऑफिसात असणारच ना? मग वर्गात पुकारायचं कशाला?


आवकजावक :

असायची. वयपत्रकात जातीचा रकाना असतो, त्यावरून यादी माझ्याकडे जूनमध्येच तयार असायची. फॉर्मवर बापाची सही नाहीतर अंगठा लागायचा, सोबत उत्पन्नाचा दाखला. त्यासाठी एकेकाला ऑफिसात बोलवायचं तर पट्टेवाला एकच, आणि तो प्रार्थनेपासून घंटेपर्यंत सगळ्याला. वर्गात पुकारलं की पाच मिनिटांत काम. दुसरं कारण नव्हतं.

माझ्या चौथ्या आचार्यांनी ते बंद केलं. फॉर्म पाकिटात घालून, वर नाव लिहून वर्गशिक्षकाकडे द्यायचे, आणि पाकिटं वर्गातल्या सगळ्यांनाच द्यायची. बाकीच्यांच्या पाकिटात सहामाहीचं वेळापत्रक. असं का, ते साहेबांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पाकिटांचा खर्च कंटिन्जन्सीत, म्हणजे किरकोळ खर्चात, टाकला होता. ऑडिटवाल्यांनी त्यावर शेरा मारला, तो शेवटपर्यंत मिटला नाही.